विळ्याचा डाग

लढाईची वर्षं होती. त्या हिवाळ्यात वडिवळ्याला अशी थंडी पडली की पहाटे खाचरातला पेंढा पांढरा दिसायचा. म्हातारी माणसं खोकून खोकून गेली आणि तान्ह्या पोरांच्या छात्या भरल्या.

माझी सहा महिन्यांची बहीणही त्यात सापडली. ओठ निळे, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा. आमच्याकडे याला डबा म्हणत, आणि डब्यावर इलाज एकच: तापल्या विळ्यानं पोटावर डाग. गावात डाग देणारा माझा बाप. त्याचा हात हलका, असं सगळे म्हणत. त्याच हलक्या हातानं आदल्या हिवाळ्यात माझ्या भावाला डागलं होतं. जखम चिघळली आणि तो गेला. बाप म्हणाला, थंडीनं गेला.

सकाळी बापानं विळा चुलीत घातला. आत्यानं बाळाचे पाय धरले. मी कणगीआड लपले. आई विनवण्या करत बसली नाही. बापानं लाल झालेला विळा बाहेर काढताच तिनं मुसळ उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. विळा खाली पडला. बापानं तिचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा. रक्त डोळ्यांत उतरलं तरी तिनं चाचपडत विळ्याची मूठ धरली आणि तापलेलं पातं त्याच्या दंडावर दाबलं. कातडं चरचरलं. बाप गुरासारखा ओरडला.

"आता कसं वाटतंय रं? सांग की!" आई म्हणाली. जन्मभर त्याला 'तुमी' म्हणणारी बाई त्या दिवशी एकेरीवर आली.

बाळाला पोटाशी बांधून ती तळेगावच्या दवाखान्यात गेली. थंडीनं फुप्फुसं सुजली होती. ऊब मिळाली, वाफ मिळाली, औषध पोटात गेलं आणि पोर वाचली. आमचं गाव मात्र भलतं हुशार. डाग बापाला दिला तरी पोरीला लागू पडतो, असं पारावर ठरलं.

बापाची जखम अजून ओलीच होती, तोवर एक शेजारी तान्हं पोर घेऊन दारात आला. "भाऊ, डबा झालाय. डाग द्या."

बापानं दंडावरचं फडकं सोडून दाखवलं.

"दवाखान्यात ने रं," तो म्हणाला. "लय आग व्हते. मला ठावंच नव्हतं."

त्याचे डोळे भरून आले होते. मला मात्र संताप आला. इतकी वर्षं पोरं किंचाळत होती, ती काय भजन म्हणत होती?