देवाच्या कुबड्या

आमच्या गावात शहाण्यांची टंचाई कधी पडली नाही. विहिरी आटल्या, वीज गेली, पण सल्ला देणारे आटले नाहीत. माझा उजवा हात मनगटातून खाली लोंबायला लागला तेव्हा तर ओटा पुरेना. एकानं जीभ पाहिली, एकानं तोंड वाकडं झालंय का ते पाहिलं, एक महाभाग तळहाताच्या रेषा पाहून गेला. काख कोणी पाहिली नाही. बाईच्या काखेकडे बघायचं नसतं म्हणे.

सुरुवात पायापासून झाली. बेला गावाच्या रस्त्याला आमची भाजीची वाडी आहे, वांगी, दोडकी, मेथी. पाणी द्यायला गेले आणि धुऱ्याच्या बांधावरून घसरले. पायाचं हाड मोडलं. आदिलाबादला नेऊन प्लास्टर घातलं, आणि पाय टेकवायचा नाही असं बजावून दवाखान्यानं घरी पाठवलं. गावात कुबड्यांचा एकच जोड. तो एका म्हाताऱ्याचा होता, इतका उंच म्हातारा की देवळात शिरताना घंटा त्याच्या कपाळावर आपटायची. तो वारल्यावर पोरांनी कुबड्या मारुतीला वाहिल्या. तेव्हापासून ज्याचा पाय मोडेल त्यानं नारळ फोडून त्या न्यायच्या, आणि बरं झालं की शेंदराचं बोट लावून परत ठेवायच्या.

मी एवढी बुटकी की फळीवरचा डबा काढायला पाटावर चढते. मी नवऱ्याला म्हटलं, "या वीतभर कापून द्या." नवरा मोठ्या भावाच्या तोंडाकडे बघायला लागला. लग्नापासून तो तेच करत आलाय. हे माझे भासरे म्हणजे घरातलं हायकोर्ट, अपील नाही. ते म्हणाले, "देवाच्या वस्तूले करवत लावते काय? एवढ्या लोकायनं वापरल्या, कोणाले काई झालं?"

मग मी त्या कुबड्यांवर लटकले. चालले असं म्हणवत नाही. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी दोन्ही काखांत लटकून घरभर फिरले. उजव्या हातावर भरवसा जास्त, म्हणून भारही तिकडेच. काखेत आधी लाल चट्टा उठला, मग काळा घट्टा पडला. मी फडकं गुंडाळलं आणि कोणाला बोलले नाही, कारण बोलले असते तरी उत्तर तेच मिळालं असतं.

एका सकाळी भाकर थापायला बसले आणि हात परातीत पडून राहिला. मूठ कशीबशी वळत होती, पण मनगट वर उचलेना, बोटं सरळ होईनात. कोपर ताठ करायलाही जोर उरला नव्हता. अंगठ्यामागची कातडी बधिर झाली होती. ज्वारीची भाकर उघड्या पंजानं थापतात, आणि माझा पंजा मान मोडलेल्या कोंबडीसारखा लोंबत होता.

"काऊन वं, हात काऊन असा लोंबून राह्यला तुहा?" सासूनं विचारलं.

भासऱ्यांनी लांबूनच निकाल दिला. "लकवाच हाय हा."

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? वाडी माझ्या हातावर चालते. रोप लावणं, वेल बांधणं, वांगी खुडणं, सगळं उजव्या हाताचं काम. नवरा फक्त बाजारात नेऊन विकतो. भासऱ्यांना हे माझ्याआधी सुचलं होतं. त्याच संध्याकाळी ते नवऱ्याला म्हणाले, "आता हिचा हात गेला. वाडी आमच्याकडं दे, आमी करतो." लकवा शोधायला त्यांना एक क्षण लागला होता, वाडी मागायला तेवढाही लागला नाही. नवरा "पाहू" म्हणाला. या माणसाचं "पाहू" म्हणजे "हो" असतं.

मग मला राज्याच्या सीमेपलीकडच्या एका तेल चोळणाऱ्याकडे नेलं. लकव्यावर त्याचा हात म्हणे रामबाण. त्यानं मंत्र पुटपुटत मनगटापासून कोपरापर्यंत तेल चोळलं आणि कोपरापाशी थांबला, कारण पुढे पोलक्याची बाही सुरू होत होती. वर जायला त्याचा धर्म आडवा आला. फी घ्यायला आला नाही. "रक्त गोठलं हाय," तो म्हणाला. "चालाले लावा. जितकं चालन तितकं रक्त फिरन."

झालं, भासऱ्यांना अंमल करायला हुकूम मिळाला. सकाळ-संध्याकाळ त्याच कुबड्यांवरून देवळापर्यंत माझी वरात निघायची. झोपून उठले की हाताच्या मुंग्या कमी असायच्या, चालून आले की वाढायच्या. हे मी सांगितलं तर भासरे म्हणाले, "तुले काय समजते?"

प्लास्टर काढायच्या दिवशी आदिलाबादला गेलो. तिथली डॉक्टरीण तरुण, तेलुगू बोलणारी. पाय बघता बघता तिची नजर हाताकडे गेली. भासरे लगेच पुढे सरकले, "मॅडम, लकवा है." तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चेय्यि पैकी एत्तम्मा," ती मला म्हणाली, आणि स्वतःचा हात वर करून दाखवला. मी हात वर केला. तिनं पोलकं बाजूला सारून तो काळा घट्टा दाबला, तशी कळ थेट अंगठ्यापर्यंत गेली.

मोडक्या हिंदीत तिनं समजावलं. काखेच्या खोलगटात खालून दाबलं तर आड यायला हाड नाही, नुसतं मऊ मांस. आणि हाताच्या सगळ्या नसा आणि रक्ताची मोठी नळी तिथूनच खाली जातात. त्यातली एक नस दंडाच्या हाडामागून फिरून कोपराच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरते. मनगट आणि बोटं उचलायचं काम तिचं. तिनं माझ्या काखेपासून अंगठ्यापर्यंत बोट ओढून ती वाट दाखवली. मग कुबडी माझ्याशेजारी उभी केली आणि पहिल्यांदाच भासऱ्यांकडे पाहिलं. "यह किसका है?" भासरे म्हणाले, "भगवान का." ती हसली नाही. भार तळव्यांवर घ्यायचा असतो, काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी, असं तिनं मला सांगितलं. कुबड्या बंद, मनगटाला पट्टी, रोज व्यायाम. हात परत येईल म्हणाली.

घरी हे सगळं सांगितलं. चमचा हरवला तरी मला "काखेत कळसा, गावाला वळसा" ऐकवणारी सासू त्या दिवशी ती म्हण विसरली.

हात हळूहळू आला. आधी कोपर, मग मनगट, शेवटी अंगठा. वांगी लागायच्या आत मी वेल बांधत होते, आणि वाडीचं नाव भासऱ्यांनी पुन्हा काढलं नाही. पण तेलवाल्याला नारळ आणि शेला मात्र भासरे देऊन आले, हात त्याच्यामुळे आला म्हणून. कुबड्या शेंदूर लागून देवळात परत गेल्या.

यंदा जाऊबाई मोरीत पडली आणि तिचा पाय मोडला. भासऱ्यांची बायको, माझ्याहूनही बुटकी. भासरे खांद्यावर त्याच कुबड्या टाकून आले. मी वाडीतून वेलांच्या मांडवाची करवत आणली, जाऊबाईला दाराला धरून उभं केलं, तिचा हात उचलून काखेखाली माझी बोटं ठेवली आणि कुबडी जितकी वर उरली तितकी तिच्या खालच्या टोकाला कोळशानं खूण केली.

"देवाचं हाय ते!" भासरे ओरडले.

"देवाची उंची मले माहीत नाई," मी म्हटलं. "जाऊबाईची माहीत हाय."

करवत उजव्या हातात धरली. मनगट पडलं नाही. दोन्ही कुबड्या कापल्या, रबरी बुचं परत बसवली, आणि कापलेले तुकडे चुलीत घातले. त्या जाळावर मी भाकरी केल्या. भासरे पोटभर जेवले. भाकर कोणत्या हाताची, ते त्यांनी विचारलं नाही.