गांधीलमाशी आणि गाडीची किल्ली

घरामागच्या लाकडी डेकवर तुळशीला पाणी घालताना आज मनगटाला गांधीलमाशी चावली. लेकीने साबणाने हात धुवायला लावला आणि आइस पॅक बांधला. "आई, काढू नकोस हं, प्लीज!"

मनगट बधिर होत गेलं आणि परदेशात आल्यावरचा, इथल्या नोव्हाय गावातला आमचा पहिला उन्हाळा आठवला. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, गाडीचं तापलेलं दार उघडताना अशीच गांधीलमाशी चावली होती. मी ओरडले तसा सुहास गाडीला वळसा घालून धावत आला. "लोखंड घासायचं असतं, लोखंड!" दिवसभर इंजिनं डिझाइन करणारा माझा नवरा, गुडघे टेकून माझ्या मनगटावर गाडीची किल्ली घासायला लागला.

"अरे, ही लोखंडाची आहे तरी का?" मी रडता रडता विचारलं.

"माहीत नाही. गप्प बस," तो म्हणाला आणि घासता घासता फुंकर घालत राहिला.

बर्फानेच सूज उतरते, हे मलाही कळतं. आता गाडीसुद्धा बटणावर सुरू होते. सुहासला जाऊन दोन हिवाळे झाले.

लेक आत गेल्यावर मी पॅक काढला आणि मनगटावर स्वतःच फुंकर घातली. काहीच जाणवलं नाही.