थोरलीची घासाघीस

आमची थोरली डाक्टरासंगं बी घासाघीस करायची. बाजारात वांग्याला हात लावायच्या आधी भाव पाडणारी बाई ती, दवाखान्यात जाऊन गप बसंल व्हय? पयल्या दिशी सांगलीच्या डाक्टरीणबाईनं नीट समजावून सांगितलं, "मावशी, छातीत कॅन्सरची गाठ आहे. आठ किमो लागतील, मग ऑपरेशन, मग मशीनचा शेक." थोरलीनं पदर सारखा केला आणि म्हणली, "आठ लय हुत्यात बाई. सहात भागवा की. आमी काय परकं न्हाई, आष्ट्याकडचं हाय."

डाक्टरीणबाईला हसू आवरंना. "मावशी, ही भाजी नाही."

"न्हाई म्हणून तर सहा म्हणली. भाजी असती तर चारवर आणली असती."

थोरली म्हंजे माझी थोरली जाऊ, मी तिला आक्का म्हणायची. तिला जाऊन आता वरीस होत आलं. मी माणची, दुष्काळातली, आठवीतनं शाळा सुटलेली. लगीन होऊन ह्या उसाच्या घरात आले तवा भरल्या पाटात पाय घालाय घाबरले हुते. "माणदेशे, पाणी हाय त्ये, चावत न्हाई," थोरली म्हणली, आणि तवापासनं माझं नावच माणदेशी. मला कशाचं बी भ्या वाटायचं, लिफ्टचं, सुईचं, डाक्टरांच्या बुटाच्या आवाजाचं, आणि दवाखान्यात संगट जायाचं नेमकं माझ्याच वाट्याला आलं. आमचं हे पलटणीत. आणि भावजी, म्हंजे थोरलीचं मालक, चांगलं धिप्पाड, जवानीत कुस्त्या मारलेलं, पर सुई बघितली की भिताड धरायचं. एकदा तर नर्सबाईनं त्यास्नीच कॉटवर झोपवलं आणि थोरली शेजारी बसून पदरानं वारा घालाय लागली. मग आमी त्यास्नी भायेर चाच्या गाड्यावरच ठेवायचो. माझी पोरगी काखंत, पिशवी खांद्यावर, आणि जी आजारी तीच पुढं. "हात धर माझा," म्हणायची, "न्हाईतर पेशंट कोण ते कळायचं न्हाई त्यास्नी."

मधीच एकदा किमोला गेलो तर रगात तपासून डाक्टरीणबाई म्हणल्या, "पांढऱ्या पेशी फार खाली आल्यात. आज किमो नाही. घरी न्या आणि कुणाला भेटू देऊ नका, साधी सर्दी झाली तरी महागात पडेल." येष्टीत पोरगी रडाय लागली आणि तिच्या आडून मी बी रडून घितलं. थोरली आपली खिडकीतनं लोकांचा ऊस बघत हुती. म्हणली, "आपल्या उसाची तोड दरसाल पुढं जाती, तवा रडतीस का? मग ह्याला कशाला रडतीस?"

पर आमच्या गावात आजाऱ्याला बघाय गेलं न्हाई तर भांडण काढल्यागत हुतंय. माणूस केळी आणि बिस्किटाचा पुडा घिऊन येणार, कॉटवर बसणार, हात हातात घिऊन त्यांच्यातलं कोण कोण ह्याच दुखण्यानं कसं गेलं ते सांगणार. त्यास्नी येऊ नका कसं म्हणायचं? तवा थोरलीनं डोकं चालवलं. "कांजण्या झाल्यात म्हणून सांग जा. लागण हुईल म्हणून कोण फिरकायचं न्हाई."

मी नळावर जाऊन सांगून आले. आणि झालं काय, कांजण्या म्हंजे देवी आली की घरात! घटकाभरात अख्खी आळी दारात, कुणाच्या हातात दहीभात, कुणाकडं लिंबाचा डहाळा, कुणाकडं हळदीकुकू. एरवी आल्या नसत्या त्या बी थोरलीच्या पाया पडाय आल्या. मी पोरगीला घिऊन उंबऱ्यावर हुबी, आणि म्हाताऱ्या मला बाजूला साराय लागल्या. मला दिसत हुतं, एकीला खोकला, एकीचं नाक गळतंय. मग माझ्या अंगात कुठनं आलं ठावं न्हाई, मी वरडले, "आईनं सांगितलंय, उंबऱ्याच्या आत कुणी पाय टाकला तर कोप हुईल! निवद भायेरच ठिवा!" सगळ्या जिथल्या तिथं. आणि आतनं थोरलीनं असा लांबलचक हुंकार दिला की माझंच अंग शहारलं. बाया भायेरनंच हात जोडून गेल्या. दार लावून आत बघते तर थोरली उशीत तोंड खुपसून हसतीया.

"माणदेशे," म्हणली, "भ्यालीस का न्हाई?"

"लय भ्याले आक्का."

"मग वरडलीस कशी?"

दहीभात म्हशीनं खाल्ला, आणि पुढच्या तपासणीला पेशी वर आल्या.

किमो आठच्या आठ घ्याव्या लागल्या, तिथं काय तिचं चाललं न्हाई. ऑपरेशन झालं, शेक सुरू झाला. शेकासाठी छातीवर शाईच्या रेघा मारल्या हुत्या आणि त्या धुवायच्या न्हाईत म्हणून बजावलं हुतं. त्यात गौरी आल्या. गौराई घरात आणायचा मान थोरलीचा. हिनं न्हाणीत जाऊन साबणानं सगळ्या रेघा धुवून काढल्या, "असं रेघोट्या मारलेलं अंग घिऊन गौराईम्होरं जाऊ व्हय?" दुसऱ्या दिशी मशीन चालवणाऱ्या साहेबांनी डोक्याला हात लावला. परत मापं, परत थांबणं, परत माझं रडणं. थोरली त्यास्नीच म्हणली, "साहेब, शेताची मोजणी पुन्यांदा हुती का न्हाई? तशी करा. पर हद्द नीट धरा."

शेक संपला, सगळं चांगलं हाय म्हणले, आमी पेढं वाटलं. पुढच्या साली तिचं पोट दुखाय लागलं. तपासलं तर लिवरात गेलेलं. दुसरी औषधं दिली, ती बी लागू पडंनात. उन्हाळ्याच्या तोंडाला डाक्टरीणबाईनं मला एकटीला आत बोलावलं. मी भायेर आले तर थोरली म्हणली, "तोंड बघ तुझं. सांग."

"आक्का, औषध बंद करूया म्हणत्यात."

ती उठली, आत गेली, खुर्चीवर बसली. "बाई, दिवाळी करू का मी?"

डाक्टरीणबाई फाईल चाळाय लागल्या.

"दसरा?"

त्यांनी फाईल मिटली.

"बरं, तुमचं बी न्हाई, माझं बी न्हाई. आखाडातला बैलांचा बेंदूर तरी?"

डाक्टरीणबाईनं तिचा हात धरला. "बघू, मावशी," म्हणल्या, आणि त्यांचंच डोळं भरलं. थोरली मला भायेर घिऊन आली आणि चाच्या गाड्याकडं बघत म्हणली, "ह्यास्नी सांगू नगंस. पैलवान हाय. पडला तर उचलायचा कुणी?"

बेंदूर तिला गावला न्हाई. पर त्याच्या आधी तिच्या डोक्यावर केस आलं. त्या औषधानं डोकं पार मोकळं झालं हुतं, आणि औषध थांबलं म्हणून परत उगवत हुतं. ते तिला ठावं, मला ठावं. आळीतल्या बाया म्हणाय लागल्या, "आक्का बरी झाली गं, केस आलं बघ!" मी सांगाय तोंड उघडलं तर थोरलीनं चिमटा काढला. "व्हय," म्हणली त्यास्नी, "आता शेपटा घालीन."

आणि भावजी सांगलीला जाऊन गजरा घिऊन आलं. एवढा थोरला गडी, पानात बांधलेला पुडा धरून दारात हुबा. माझ्यासंगं ते कवा सरळ बोलायचं न्हाईत, मी पदर वढून बाजूला व्हायची. त्या दिशी म्हणलं, "माळ गं हिला."

मी थोरलीच्या मागं बसले. केस असं मऊ, माझ्या पोरीच्या जावळागत, बोटाच्या पेरायेवढं. पीन लावली की निसटायची. परत लावली, परत निसटली. तिसऱ्या बारीला मी नाक वढलं. थोरली मान न वळवता बारीक आवाजात म्हणली, "रडू नगंस. ते बघत्यात."

मग मी पीन टाकून दिली आणि गजरा नुसता वर ठिवला. आणि कॉटवर उठून बसायची बी ताकद नव्हती ती बाई मान ताठ धरून बसली, इवलं बी हलली न्हाई, भावजींचं बघून होईस्तवर.