पुसू का, असं विचारणारं मशीन

लातुरात त्या दुष्काळात टँकर आमच्या गल्लीत आठ दिवसांनी यायचा. उदगीर वेगळा जिल्हा होणार की नाही यावर पुरुष भांडायचे, बायका नंबरावरून. पाणी सगळ्यांना पुरत नसे. ज्यांना मिळालं नाही त्यांचा नंबर पुढच्या खेपेला आधी. ती यादी माझ्याकडे होती, कारण मी कुणाशी बोलतच नसे.

मुलगी कॉम्प्युटर शिकत होती. तिनं यादी जुन्या लॅपटॉपात घालून दिली. काळा पडदा, त्यावर हुकूम टाइप करायचे. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिच्याच पाटीवरून शिकले. यादी दाखवायचा हुकूम, लिहायचा हुकूम आणि पुसायचा आरएम, एवढं तिनं शिकवलं.

"मूळचं आरएम न विचारता पुसतं," ती म्हणाली. "मी त्याच नावानं माझं एक बसवलंय. मशीन आधी माझं बघतं, मग मूळचं. माझं विचारतं, पुसू का? तू एन दाबायचं, म्हणजे नको."

मला ते फार आवडलं. घरात भाजी कोणती करायची हेही मला कुणी विचारत नसे. मग रोज दुपारी सगळे आडवे झाले की मी यादीला आरएम लावायची, मशीन विचारायचं, मी एन दाबायची. कधी चार-चार वेळा.

मुलीची प्रॅक्टिकल परीक्षा नांदेडला होती. तिथं मूळचेच हुकूम असणार, त्यांची सवय व्हावी म्हणून तिनं आपले बसवलेले काढून टाकले. मला सांगायचं राहिलं आणि ती एसटीनं गेली.

दुपारी मी आरएम लावलं आणि एनवर बोट ठेवून वाट बघत बसले. मशीन गप्प. यादी उघडायला गेले तर अशी फाइलच नाही म्हणालं. संध्याकाळी टँकर येणार होता.

मी फोन केला. "तुझं मशीन आज विचारत न्हाई."

"आई, तू पुसत कशाला होतीस?"

"पुसत नव्हते. विचारून घेत होते."

"आता न्हाई येत ती परत."

चार घरी जाऊन नंबर विचारला. चौघींचाही पहिलाच. समोरची म्हणाली, "वैनी, मागच्या खेपेला आम्हाला थेंब न्हाई मिळाला. देवाशप्पथ."

दारातच तिचं पिंप होतं. मी बोटानं वाजवलं. गळ्यापर्यंत भरलेलं.

"ते धुण्याचं हाय," ती म्हणाली.

"मग तुम्ही शेवटी."

आवाज माझाच होता. मी घाबरून पुढच्या दाराशी गेले आणि ते पिंप वाजवलं. मागून बायका येऊ लागल्या. ज्याचं पिंप जास्त रिकामं त्याचा नंबर आधी, असं ठरलं. नंबर मी कागदावर लिहीत गेले.

एक घर उरलं, आमचं. सासूबाई आठ दिवस कुणाला धड अंघोळ करू देत नव्हत्या. पिंप खालपासून वरपर्यंत भरल्यासारखं वाजलं. सगळ्या बघत होत्या. मी आमचा नंबर समोरचीच्याही खाली लिहिला.

"वीस वर्षांनी तोंड उघडलंस," सासूबाई म्हणाल्या, "ते बी घरच्याच इरुद्ध."

टँकर दोन घरं बाकी असताना संपला. समोरची आणि मी घागरी घेऊन तशाच उभ्या.