शिसवीच्या नळीवरचा गोल

बदकाची शिट्टी वाजली की आपल्यातलंच कुणी बोलावतंय असं समजून बदकं खाली उतरतात आणि शिकाऱ्याच्या टप्प्यात येतात. तेलाच्या कंपनीतल्या अमेरिकन साहेबाने शिट्टी फुंकून दाखवत हे सांगितलं, तेव्हा दोह्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सगळे हसलो होतो. बाहेर वाळू उडत होती. बदक तर सोडाच, कावळासुद्धा नव्हता.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. फरीज बिन ओमरान या वस्तीच्या मागे आमचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. साहेबाला मायदेशी जाताना मित्रांसाठी तशा शिट्ट्या न्यायच्या होत्या. शिट्टीचे लाकडी भाग दोन: तोंडात धरायची नळी आणि तिच्यात बसणारा दट्ट्या. आतली पातळ जीभ तो स्वतः बसवणार होता. लेथवर नळ्या माझा गाववाला काढायचा, दट्टे मी. नळीच्या ठोकळ्याला आधी भोक पाडून देणंही माझ्याकडेच होतं. आम्ही दोघे सावंतवाडीकडचे, एकाच वाडीतले. लाटणी, भोवरे आणि पाळण्याचे खूर कातत मोठे झालेलो.

लाकूड शिसवीचं होतं. त्याला तिथली हवा मानवत नसे. दिवसभराच्या उन्हाने आणि एसीच्या कोरड्या गारव्याने ठोकळे आतून तडकत, वरून काही दिसत नसे. म्हणून लेथवर चढवण्याआधी प्रत्येक ठोकळा बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचा. खणखणीत वाजला तर खडूने खूण करायची. माझी खूण फुली, त्याची गोल. एकदा खूण झाली की ठोकळा परत कुणी वाजवायचा नाही, हा रिवाज. परत वाजवणं म्हणजे खूण करणाऱ्याला खोटं पाडणं.

माझी फुली मात्र तो हमखास वाजवून बघायचा.

"तुझ्या फुलीचो काय भरोसो?" तो म्हणायचा. "तू आयकतंस खंय, नुसतो ठोकतंस. देवान तुका कान दिल्यान ते बिडी अडकवक!"

शेडच्या प्लायवुडच्या छतात एक ढलपी रुतून बसली होती. आमच्या आधीच्या कुणाच्या तरी हातून लेथवरून उडालेली. ती कुणी काढली नव्हती. काम करताना माझी नजर अधूनमधून तिच्याकडे जायची.

साहेब शिट्ट्या न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी भोक पाडताना माझ्याकडून एक नळी तिरकी गेली. ती मी भुशाच्या पोत्यात लपवली. बदली म्हणून एकच ठोकळा उरला होता. मी तो वाजवला. आवाज बसका आला, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. टोकाला केसाएवढी चीर होती. घरी पाटाला चीर पडली की सरस आणि भुसा भरून घासतात, कुणाला कळत नाही. मी तेच केलं. सरस वाळला, मी भोक पाडलं आणि खडू घेतला.

फुली केली असती तर त्याने वाजवून बघितलं असतं. मी गोल काढला.

त्याने ठोकळा उचलला, गोल पाहिला आणि लेथवर चढवला. पट्टा फिरू लागला. लेथचा नेहमीचा घुमणारा आवाज त्या दिवशी किंचित फाटका होता. त्यालाही तो जाणवला असावा, कारण पटाशी टेकवण्याआधी तो क्षणभर थांबला. मग स्वतःच्या खुणेवर भरवसा ठेवून त्याने पटाशी टेकवली. मी लेथच्या रेषेतून दोन पावलं बाजूला सरकलो.

लेथवर लावायचा चष्मा खिळ्याला लटकत होता. घामाने काचा धूसर होत म्हणून आम्ही कुणीच तो लावत नसू.

नळी फुटली तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. तो मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला.

त्याला हॉस्पिटलला नेल्यावर फोरमनने तुकडे गोळा केले. एका तुकड्यावर खडूचा अर्धा गोल शिल्लक होता. "ये निशान किसका है?"

"उसका," मी म्हणालो.

फोरमनने मान डोलावली. "खलास." विषय तिथेच संपला.

उजवा डोळा गेला. त्याला गावी पाठवलं. मी पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिलो. सुट्टीवर यायचो तेव्हा ऐकायचो, की तो लेथला हात लावत नाही. एक डोळा कातायला पुरेसा होता, पण कुणी विचारलं की म्हणायचा, "डोळ्याचा काय नाय. कान गेलो माझो." लोकांनीही ते मानलं. वाडीतला सगळ्यात तयार कान त्याचा, आणि तोच आपली जुनी खोड सांगावी तसं हे सांगत जगत आला.

हे लिहिण्याआधी मी त्याच्या पडवीत जाऊन त्याला सगळं सांगितलं. तिरकी नळी, सरस, गोल, ती दोन पावलं.

"मगे माझो कान बरो होतो?"

"होय."

त्याने बाजूचा पाट ओढून घेतला, कानाजवळ धरला आणि पेराने ठोकला. थांबला. पुन्हा ठोकला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता जा तू घराक."

मी पायऱ्या उतरून रस्त्याला लागलो तरी ठोकणं चालूच होतं.