एका हुकावरच्या दोन झोळ्या

“घेतली म्हणालात ना? मग हे काय आहे?”

“घेतो म्हणालो होतो. घेतली असं कुठे म्हणालो?”

“पापा, शब्दांत खेळवू नका मला. गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं आहे. आणि सापडलं कुठे, तर सुताच्या रिळात कोंबलेलं.”

“बाहेर ठेवलं तर उंदीर खातात.”

“उंदरांना प्रोस्टेट असतं?”

तिबुर्सियो मान खाली घालून झोळी विणायच्या चौकटीवरचा निळा धागा ओढत राहिला. त्याची एकुलती एक लेक नेल्मी शिवणकामाच्या कारखान्यात होती. आठवडाभर उजाडायच्या आत तिची बस यायची आणि ती परतायची तेव्हा बोलायचंही त्राण उरलेलं नसायचं. त्यामुळे सगळ्या आठवड्याचा राग रविवारी सकाळी निघायचा. आज त्यात गोळ्यांची भर पडली होती.

गावात तिबुर्सियोला सगळे झोळीवाला म्हणून ओळखत. तरुणपणी तो दोरांसाठी घायपाताची पानं कापायचा. तळहातांवर त्या काट्यांच्या खुणा अजून होत्या. पुढे नायलॉनचे दोर आले, घायपाताची गिरणी बंद पडली, आणि गावातले निम्मे पुरुष बायकांच्या शेजारी चौकटीपुढे बसून टांगून झोपायच्या झोळ्या विणायला शिकले. त्यालाही बिबियानानं, त्याच्या बायकोनं शिकवलं. पहिली झोळी त्यानं विणली ती एवढी घट्ट, की बिबियाना म्हणाली, यात माणूस झोपवायचा आहे की मासा धरायचाय? खाटेवर तो आयुष्यात एकदाच झोपला, हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात. सकाळी नर्सला तो खाटेखाली फरशीवर सापडला. ती रागवायला लागल्यावर तो म्हणाला, बाई, तुमच्या या खाटेला कड तेवढी आहे, धरून ठेवणारं काहीच नाही.

बिबियाना किडनीच्या आजारानं गेली. मागच्या अंगणातल्या शाकारलेल्या घरात तिबुर्सियो एकटाच झोपायचा. नेल्मी पुढच्या सिमेंटच्या खोलीत. तिचा नवरा कान्कूनला फरशा बसवायच्या कामावर, महिनाअखेरीला यायचा. नेल्मी कारखान्यात जायला लागली तेव्हा तिची मुलगी मायते अडीच वर्षांची होती. आई अंधारात निघून जाते हे तिला कळलं, की ती असा टाहो फोडायची की गल्ली जागी व्हायची. म्हणून तिची झोळी मागच्या घरात आली. बांधायला जागा फार नव्हती. एक टोक तिबुर्सियोच्या झोळीच्याच हुकात अडकवलं, दुसरं समोरच्या खांबाला.

डायपरचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात मिटला होता. त्या उकाड्यात पोरीच्या मांड्या सोलवटून निघाल्या. नेल्मीनं डायपर काढून टाकले आणि मनाची तयारी केली की आता रोज जमीन पुसायची. पण मायते कोरडी उठली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. नेल्मीला हे तिचंच यश वाटलं. शेजारणींनी विचारलं तर ती सांगायची, दिवेलागणीनंतर कलिंगड द्यायचं नाही, आणि झोपायच्या आधी पॉटवर बसवायचं, गाणं म्हणत. गल्लीतल्या चार बायकांनी कलिंगड बंद केलं आणि गाणी म्हटली. त्यांची पोरं भिजायची ती भिजतच राहिली.

खरी गोष्ट अशी होती की तिबुर्सियोला रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागायचं. तो उतरला की हुकाला हिसका बसायचा, मायतेची झोळी हलायची आणि तिचे डोळे उघडायचे. मग तो तिला काखेत उचलून अंगणात, आंबट संत्र्याच्या झाडाखाली न्यायचा. ती एका बाजूला बसायची, तो दुसऱ्या बाजूला पाठ करून उभा राहायचा. तिचं चटकन व्हायचं, त्याचं काही होता होईना. ती चड्डी वर करून थांबायची.

“झालं, नोल?” त्यांच्याकडे आजोबाला नोल म्हणतात.

“नाही ग अजून.”

“जोर लाव.”

मग ती तिला दिसलेल्या बेडकाची हकिगत सांगायची. तोवर त्याचं व्हायचं, आणि दोघं परत यायची.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पण नेल्मीनं त्याला आरोग्य केंद्रात नेलंच. डॉक्टर म्हणाले, लघवी मागे साचते आहे, असंच चाललं तर किडन्यांवर जाईल, मग नळी घालावी लागेल. गोळ्या दिल्या. गोळ्या चांगल्याच लागू पडल्या. कित्येक वर्षांनी तिबुर्सियो कोंबडा आरवेपर्यंत झोपला. उठून पाहिलं तर मायतेच्या झोळीतून थेंब थेंब जमिनीवर पडत होतं, आणि खाली झोपणारा कुत्रा रुसून चुलीपाशी जाऊन बसला होता. दुसऱ्या रात्रीही तेच. बळंच जागं राहायचा प्रयत्न त्यानं करून पाहिला, पण इतक्या वर्षांची झोप वसूल व्हायची होती.

नेल्मीनं आधी कलिंगडाला दोष दिला, मग शेजारणींच्या नजरेला. मायतेच्या मनगटावर लाल दोरा बांधला. काही फरक पडेना तेव्हा ती ओली झोळी पिळता पिळता म्हणाली, आता बस झालं, पुन्हा डायपर लावते आणि पुढच्या खोलीत माझ्याजवळच झोपवते, रडली तर रडली.

त्या संध्याकाळी गोळ्यांचं पाकीट रिळात गेलं. मायते पुन्हा कोरडी उठायला लागली. नेल्मीनं लाल दोऱ्याचे आभार मानले.

आणि आज तिला धागा हवा होता शिवायला, म्हणून रीळ उसकटलं.

“आईची नळी मी धुतली आहे,” नेल्मी म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. “ती पिशवी रिकामी केली आहे. मला परत ते करायला लावू नका.”

तिबुर्सियोचा हात थांबला. मग त्यानं चौकटीलाच सांगावं तसं सगळं सांगून टाकलं: हूक, हिसका, संत्र्याचं झाड. नेल्मी स्टुलावर बसली. आधी तिला हसू आलं, चार घरांची कलिंगडं आठवून तर फारच आलं. डोळे पुसून ती म्हणाली, एवढंच ना? मग अवघड काय आहे? मी मोबाइलवर गजर लावून देते. तुम्ही गोळी घ्या, झोपा, वाजला की उठा, तिला न्या.

तो म्हणाला, शेजारी उठतील. ती म्हणाली, हळू आवाजात लावू. तो म्हणाला, मला हळू ऐकू येत नाही. ती म्हणाली, मग उशाशी ठेवू.

“गजर तुझ्या खोलीतही ऐकू येईल,” तो म्हणाला.

“येईल की. मग तर मीच उठून तिला...”

बोलता बोलता नेल्मी थांबली. हातातलं पाकीट तिनं मांडीवर ठेवलं. बाहेर मायते कुत्र्याला काहीतरी दरडावून सांगत होती.

“पापा,” ती म्हणाली, “हे तिच्यासाठी चाललं होतं, की तुमच्यासाठी?”

तिबुर्सियोनं तिच्या मांडीवरचं पाकीट उचललं. एक गोळी फोडून काढली, तोंडात टाकली, वाडग्यातलं उरलेलं मक्याचं पेय तिच्या देखत घोटभर प्यायला आणि वाडगा पालथा घातला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि अंगणात निघून गेला.