मेसिनाच्या धक्क्यावर राहिलेला टूर मॅनेजर

मी धक्क्यावर पोचलो तेव्हा जहाजाचे दोर सुटले होते. शिडी आत ओढून घेतली होती. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाणी दिसत होतं, आणि ते रुंद होत चाललं होतं.

वर डेकच्या कठड्याला माणसं दाटली होती आणि टाळ्या वाजवत होती. उशीर झालेला प्रवासी धावत येताना दिसला की क्रूझवरचे लोक असंच करतात. शिट्ट्या मारतात, व्हिडिओ काढतात. मी स्वतः वर उभा राहून हे पाहिलेलं आहे. हसलेलोही आहे. या वेळी गळ्यात कंपनीचं आयकार्ड आणि हातात ग्रुपचा केशरी झेंडा घेऊन धावणारा माणूस मीच होतो.

"साहेब!" वरून रऊफभाईंचा आवाज आला. वाशीमला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आवाज मोठा. "साहेब, काकू इथंच हाय! केबिनमंदी झोपेल होती!"

त्यांच्या शेजारी पार्वतीकाकू उभ्या होत्या. ज्यांना शोधत मी सगळं मेसिना पालथं घातलं होतं, त्याच. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. दोन्ही हात तोंडावर ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

मी टूर मॅनेजर आहे. कंपनी अकोल्याची, वाशीमचं काम मी बघतो. मागच्या वर्षी वाशीम, मालेगाव, मंगरूळपीर भागातली बावीस माणसं घेऊन भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर गेलो होतो. क्रूझचं साधं गणित असं, की जहाज रोज एका बंदराला लागतं. सकाळी उतरायचं, गाव बघायचं, संध्याकाळी परत. परत येण्याच्या शेवटच्या वेळेला 'ऑल अबोर्ड' म्हणतात. ती चुकली की जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरात त्याची जागा आणि वेळ ठरलेली असते. माझ्या नोकरीचा निम्मा भाग म्हणजे ही वेळ लोकांच्या कानीकपाळी ओरडत राहणं.

मेसिनाच्या आदल्या दिवशी माल्टाला काकूंना उशीर झाला होता. फार नाही, चपलेचा अंगठा तुटला म्हणून. काकू मालेगावजवळच्या किन्हीराजा गावच्या. दुबईतल्या लेकीनं तिकीट काढून दिलं होतं, ग्रुपमध्ये त्यांचं घरचं कुणी नव्हतं. त्या लंगडत आल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकू, हे किन्हीराजाचं बसस्टँड नाही. तुमच्या एकटीपायी एवढी माणसं उन्हात उभी आहेत."

एरवी मी आपल्या माणसांशी वऱ्हाडीतच बोलतो. रागवायचं असलं की माझी भाषा शुद्ध होते. काही जण हसले. काकू तुटकी चप्पल हातात घेऊन रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

मेसिनाला बंदर गावाला अगदी चिकटून आहे. चर्चच्या चौकातून जहाज पायी गाठता येतं. दुपारी मी सगळ्यांना मोकळं सोडलं. परत जमलो तेव्हा काकू नव्हत्या. त्यांचा फोन तिकडे चालत नव्हता. मी बाकीच्यांना जहाजापर्यंत आणलं, "तुम्ही चढा, मी आलोच" म्हणालो आणि मागे वळलो.

इथंच मी माती खाल्ली. जहाजावर चढताना प्रत्येकाचं कार्ड मशीनला लावतात. कोण आत आहे, कोण बाहेर, ते शिडीपाशी उभ्या असलेल्या गार्डच्या कॉम्प्युटरवर लगेच दिसतं. मी फक्त काकूंचं नाव सांगायचं होतं. पण नाव सांगितलं असतं तर विचारणा झाली असती, 'गेस्ट मिसिंग' म्हणून कंपनीला मेल गेला असता. आपला माणूस हरवला हे कबूल करायची मला लाज वाटली. म्हणून मी कुणाला न विचारता धावत सुटलो. चौक, चर्च, आइसक्रीमची दुकानं. साडी नेसलेली बाई दिसली का, हे खुणांनी विचारत.

जहाज गेल्यावर पोर्ट एजंट आला. बंदरावर जहाजाचं काम बघणारा हा स्थानिक माणूस. त्याच्या हातात माझा पासपोर्ट होता. मागे राहणाऱ्याच्या केबिनमधून पासपोर्ट काढून एजंटला देऊन जातात.

"यू आर द गाइड?" त्यानं विचारलं.

मी झेंडा गुंडाळला आणि मान हलवली. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचं बंदर नेपल्स. मी रेल्वेनं गेलो. मेसिना बेटावर आहे, म्हणून तिकडे रेल्वेचे डबेच बोटीत घालून सामुद्रधुनी ओलांडतात. एरवी मी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला असता. ग्रुपवर आधीच एक व्हिडिओ फिरत होता, माझ्या धावण्याचा. वाशीमहून माझ्या मेव्हण्यानं तो मलाच पाठवला.

सकाळी जहाज नेपल्सला लागलं. मी शिडीपाशी उभा होतो. काकू सगळ्यांत आधी खाली आल्या. रऊफभाई म्हणाले, "रातच्यानं काई खाल्लं नाई यायनं."

"काकू, तुमी सांगून काहून नाही गेल्या?"

"सांगाले आलती बापा. तू फोनवर बोलून राह्यला होता. उभी राह्यली थोडी. मंग म्हटलं, पाय दुखून राह्यले, उशीर होईन तं हा आनखीन रागावन. म्हून गेली लवकर." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "माह्यापायी तुले परक्या मुलखात राहा लागलं."

तेवढ्यात अकोल्याहून कंपनीच्या सरांचा फोन आला. "रऊफभाईंच्या फोनवरून त्या बाई माझ्याशी बोलल्या. चूक त्यांचीच आहे म्हणतात. रिपोर्टमध्ये तसंच टाकू. सुटशील तू."

काकू समोरच उभ्या होत्या. मी म्हणालो, "नाही सर. त्या वेळेआधी जहाजावर होत्या. मी गार्डला विचारलंच नाही."

"का नाही विचारलं?"

"लाज वाटली."

सर म्हणाले, "बरं. परत आल्यावर बोलू."

परत आल्यावर फारसं बोलणं झालं नाही. परदेशाच्या टूर्स माझ्याकडून काढल्या. सध्या मी वाशीमच्या ऑफिसात बसून व्हिसाचे कागद तपासतो. कागद घेऊन येणारा एखादा जण तो व्हिडिओ मला दाखवतो. बाजारात मेव्हण्याचे मित्र विचारतात, "काय मग, सुटली का बोट?" त्याची सवय होईल.

ज्याची सवय होत नाही ते वेगळंच. नेपल्सला मी काकूंची हात जोडून माफी मागितली. "जाऊ दे बापा" म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. पण टूर संपेपर्यंत प्रत्येक बंदरावर त्या जमायच्या जागी सगळ्यांच्या आधी जाऊन उभ्या राहत. गाव न बघता. आणि बाथरूम कुठे आहे एवढं विचारायचं असलं, तरी मी शेजारी असताना त्या रऊफभाईंना विचारत.

आता ऑफिसात टूरच्या नवीन पोरांना ट्रेनिंग देताना मी एवढंच सांगतो, की ग्रुपमधल्या माणसाला तुमची भीती वाटली की तो वेळेवर येतो, पण तुम्हाला काही सांगत नाही.